कुंदाचे पाच चेक

पाचोऱ्यात कौतिक सपकाळेला कोणी कंजूष म्हटलं, तर खुशाल समजावं की म्हणणाऱ्याने त्याला ओळखलेलंच नाही. तो कंजूष मुळीच नव्हता. फक्त एका जिनिंगच्या फाटकाशी वजनकाट्यावर तो एकतीस वर्षं बसला होता, आणि इतकी वर्षं एका जागी बसलं की ती जागा माणसाच्या अंगात मुरते.

जिनिंगमध्ये काट्याचे पैसे गाडीमागे ठरलेले असत. गाडीत दोन मण कापूस असो नाहीतर वीस मण, पैसे तेवढेच. खेड्यावरचा एखादा लहान शेतकरी मोठ्या गाडीच्या कोपऱ्यात दोन गाठोडी टाकून यायचा आणि भरल्या गाडीइतके पैसे मोजून जायचा. कौतिकला ते बघवत नसे. तो त्याला बाजूला घेऊन सांगायचा, "थांब जरा. तुझ्या गावचे अजून तिघं-चौघं येऊ दे. एका गाडीत भरा, एकदाच काटा करा, पैसे वाटून घ्या." मालकाचं यात नुकसानच होतं आणि मालकाने त्यावरून त्याला दोनदा फैलावरही घेतलं होतं, पण कौतिकने सांगायचं काही सोडलं नाही. गावोगावचे गरीब लोक त्याला 'काटेवाले नाना' म्हणून दुवा देत.

त्याची दुसरी सवय पावतीची. नोकरीच्या पहिल्याच हंगामात त्याने एका माणसाला काटा स्थिर व्हायच्या आत तोंडी वजन सांगून टाकलं होतं. पावतीवर आठ शेर कमी निघाले. मग जी जुंपली, ती सोडवायला मालकाला गादीवरून उठून यावं लागलं. काट्यावर बसलेला माणूस म्हारवाड्यातला, हेही त्या दिवशी चार जणांना मुद्दाम आठवलं. तेव्हापासून कौतिकने नेम केला, की पावती लिहून फाडल्याशिवाय वजनाचा आकडा तोंडातून काढायचा नाही. समोर कोणी कितीही घाई करो, तो मान खाली घालून बसून राहायचा.

या दोन्ही सवयी भल्या माणसाच्या होत्या. त्यांनीच पुढे त्याचा घात केला, म्हणून आधी सांगून ठेवल्या.

कुंदा ही त्याची एकुलती एक मुलगी. दहावी झाली तशी तिने नर्सिंगचं खूळ डोक्यात घेतलं आणि धुळ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात तिचा नंबर लागला. कौतिकने तिची पत्र्याची पेटी स्वतः डोक्यावर घेऊन एसटीच्या टपावर चढवली आणि धुळ्याला होस्टेलच्या फाटकापर्यंत पोचवली. परतताना धुळ्याच्या स्टँडवर त्याच्या तीन गाड्या सुटल्या, कारण एकीतही त्याचा पाय चढेना. पोरगी हुशार निघाली. शिकली, त्याच हॉस्पिटलात चार वर्षं नोकरी केली, आणि मग मुंबईच्या एका एजंटामार्फत सौदी अरबस्तानातल्या मोठ्या दवाखान्यात गेली. तिथून ती रुपयांचे ड्राफ्ट पाठवायची. ते पाचोऱ्याच्या बँकेत टाकले की दोन दिवसांत जमा. त्या पैशांनी घरावरचे पत्रे गेले, स्लॅब पडला आणि लिलाबाईच्या, म्हणजे तिच्या आईच्या, हातात आयुष्यात पहिल्यांदा सोन्याच्या पाटल्या आल्या.

शहाऐंशीच्या जूनमध्ये लिलाबाईच्या पोटात दुखायला लागलं आणि जळगावच्या सरकारी दवाखान्यात अकराव्या दिवशी ती गेली. त्या अकरा दिवसांत तिने कुंदाचं नाव किती वेळा घेतलं याला गणती नव्हती. कौतिकने दोन तारा केल्या. कुंदा आली नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडपात पोरीची वाट बघत बसलेल्या कौतिकला चार बायकांचं कुजबुजणं ऐकू आलं, की पैशापुढे आई कसली. ते त्याच्या काळजात रुतलं. त्याच दुपारी त्याने पोस्टातून परदेशी टपालाचं कोरं पत्र आणलं आणि लिहिलं: "तुझी आई तुझं नाव घेत गेली. तुला पैसा मोठा झाला. आता मला काही पाठवू नको. तुझ्या पैशाला मी शिवणार नाही."

ज्या शब्दाने त्याच्या बापाला, आजाला आणि खुद्द त्यालाही जन्मभर पोळलं होतं, नेमका तोच शब्द त्याने पोटच्या पोरीच्या अंगावर टाकला. रागात माणसाला हाताशी आलेलं हत्यार सापडतं, दुसरं काय म्हणायचं!

कुंदाची दोन पत्रं आली. दवाखान्यात पासपोर्ट काढून घेतात, कराराची मुदत संपल्याशिवाय देत नाहीत, मी साहेबांच्या पाया पडले, नाना, पण सोडलं नाही, असं तिने लिहिलं होतं. कौतिकने वाचलं आणि उत्तर दिलं नाही. वर्षभराने भडगावचा एक जण आखातातून परत आला. त्याने सहज बोलता बोलता सांगितलं, की तिकडे पासपोर्ट मालकाच्याच कपाटात असतो आणि बाप मेला तरी देत नाहीत. कौतिक ते ऐकून घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. पोरीचं खरं होतं. पण आता लिहायचं कुठे? तिचा करार संपला होता आणि ती इंग्लंडला गेल्याचं उडत उडत कानावर होतं. पत्ता कोणाकडे नव्हता. असता तरी त्याने लिहिलं असतं का, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. चूक कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं, आणि कौतिक दुसऱ्या गोष्टीत कच्चा होता.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये पोस्टमनने एक लांबट पाकीट आणून दिलं. वर राणीचं तिकीट, मागे शेफील्ड नावाच्या गावाचा पत्ता. आत एक चेक, चाळीस पौंडांचा, आणि वहीच्या कागदाची एक पट्टी: "नाना, हा घ्याल का? — कुंदा." बस. एवढंच.

कौतिकने तो चेक दोन्ही हातांत धरला. तीन वर्षांत तो असा हसला नव्हता. दोन गल्ल्या सोडून त्याची मेव्हणी भागाबाई राहायची. जिनिंगमध्येच कामाला होती, आणि लिलाबाई गेल्यापासून त्याच्या दोन भाकरी तीच थापायची. तो अनवाणीच तिच्याकडे गेला.

"देख, भागाबाई, पोरना कागद ऊना!"

भागाबाईला वाचता येत नव्हतं. तिने चेक उलटा-सुलटा केला, कुंदाच्या सहीवरून बोट फिरवलं आणि पदर डोळ्याला लावला.

दुसऱ्याच दिवशी तो पाचोऱ्याच्या बँकेत गेला. तिथल्या साहेबाने चेक लांब धरून बघितला आणि परत दिला. "हे इथे होत नाही. परदेशी चेक जळगावच्या मोठ्या शाखेत न्या." मग कौतिक पॅसेंजरने जळगावला गेला. तिथे परदेशी व्यवहाराच्या टेबलावर हमीदा शेख नावाची बाई होती. वय कुंदाएवढंच असावं. बोलायला गोड आणि कामाला चोख. तिने त्याला खुर्ची दिली. बँकेत कोणी खुर्ची दिली की कौतिक आधी ती पुसायचा आणि मग टोकावर बसायचा.

"काका, हा चेक आधी मुंबईला जाणार, तिथून इंग्लंडला त्यांच्या बँकेत. पैसे यायला दीड-दोन महिने लागतील," हमीदा म्हणाली. "आणि तिकडची बँक कापणार, मुंबईची कापणार, आम्ही कापणार. टपालखर्च वेगळा. चाळीस पौंडांचे हजार-साडेदहाशे होतील, त्यातले अडीचशेच्या आसपास जातील."

"अडीचशे?" कौतिक टोकावरून उठलाच. "चौथा हिस्सा जाईल, मॅडम! पोरगी तिकडे रातपाळ्या करते."

हमीदाला त्याची दया आली. कोणाला दोन पैसे वाचवून द्यायचे तर नियमात बसेल ती वाट दाखवायची, असा तिचा स्वभाव. ती टेबलावरून पुढे वाकली. "मुलगी दर महिन्याला पाठवणार आहे का? तर मग असं करा. एकाच खात्यावरचे चार-पाच चेक जमू द्या. मी सगळे एकाच पत्रासोबत पाठवते. म्हणजे कापणं एकदाच होईल. फक्त चेकवरच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत आणा, नाहीतर शिळे होतात."

हे ऐकून कौतिकचा जीव भांड्यात पडला. हे तर त्याचंच शहाणपण! एकतीस वर्षं त्याने लोकांना दुसरं काय सांगितलं होतं? गाडी भरू दे, एकदाच काटा कर. हमीदाला हात जोडून तो चेक परत घेऊन आला. गाडीत खिडकीशी बसून त्याने खिसा तीनदा चाचपला.

एप्रिलमध्ये दुसरा चेक आला. चिठ्ठीत तेवढंच: "नाना, हा घ्याल का?" मेमध्ये तिसरा आला. त्याच्या चिठ्ठीत तिचं नाव तेवढं होतं. कौतिक प्रत्येक चेक लिलाबाईच्या पाटल्यांच्या डबीखाली ठेवायचा आणि मनात बेत करायचा. बेत कसला? तर घरामागे पक्का संडास आणि न्हाणी बांधायची. गल्लीतली सगळी माणसं नगरपालिकेच्या संडासापुढे डबा घेऊन रांगेत उभी राहत. इंग्लंडात राहिलेली पोर घरी आली तर तिने काय त्या रांगेत उभं राहायचं? त्याने भिकन मिस्त्रीला बोलावून जागा आखूनसुद्धा घेतली आणि स्वतःच्या पुंजीतून पाचशे विटा आणून टाकल्या. बाकीचं चेकच्या पैशांनी. ते झालं की मग पत्र. त्या पत्राची वाक्यंही त्याने जुळवून ठेवली होती. कुंदा, तुझे पैसे मिळाले. त्यातून तुझ्यासाठी अमुक बांधलं. मी तुला नको ते बोललो. माझं चुकलं. थंडीत सुटी काढून ये.

आता तुम्ही म्हणाल, की अरे बाबा, मग आत्ताच लिही ना! भागाबाई वेगळं काय म्हणत होती? जूनचा चेक आला त्या दिवशी भाकरी वाढता वाढता ती बोललीच, की चेक मिळाले एवढं तरी पोरीला कळवा.

"दाजी, पोर इतला चेक धाडी ऱ्हायनी. तुमी तिले दोन वळी तरी लिखी धाडा. भेटनात म्हनीसन. तिले कसं कळी?"

"पैसा हातमा पडू दे, मंग लिखसू," म्हणत कौतिकने आपला काट्यावरचा नेमच ऐकवला. "जवलोंग पावती फाटत नही, तवलोंग वजन बोलानं नही."

"पोर शे ती, दाजी. कापूसनी गाडी नही."

कौतिकने हसून मान हलवली आणि भाकरीवर चटणी ओढली. भागाबाईला व्यवहार कळत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. शिवाय पैसे वटायच्या आधी 'मिळाले' असं लिहायचं आणि उद्या बँकेने काही खोट काढली, तर? पोरीला पुन्हा एकदा खोटं पाडायचं का? आणि आतली गोष्ट अशी की त्याला रिकाम्या हाताने माफी मागायची लाज वाटत होती. हातात काहीतरी बांधलेलं, उभं केलेलं असलं म्हणजे 'चुकलं' हा शब्द जरा सोपा जाईल, असं त्याला वाटत होतं.

जुलैमध्ये पाचवा चेक आला. या वेळी चिठ्ठीही नव्हती. कौतिकच्या ते लक्षात आलं, पण पोरगी कामात असेल म्हणून त्याने सोडून दिलं. आता अजून एक, ऑगस्टचा, आला की सहा होतील आणि मार्चचा शिळा व्हायच्या आत सगळे एकदम टाकू, असा त्याचा हिशेब.

ऑगस्टचा चेक आला नाही. कौतिक रोज पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर बसायचा. पंधरा तारीख गेली, वीस गेली. बावीसला मात्र त्याने धीर सोडला आणि पाचच चेक घेऊन जळगाव गाठलं. हमीदाने फॉर्म भरून दिला, पाचही चेक एका पत्राला टाचले आणि म्हणाली, "बघा, काका, हजारभर रुपये वाचले तुमचे." कौतिकने परतताना स्टेशनाबाहेर पाव किलो शेव घेतली. भागाबाईला आवडायची.

आणि अठ्ठावीस तारखेला कुंदाचं पत्र आलं. या वेळी मोठं होतं. कौतिक ते ओट्यावरच उभ्याने वाचायला लागला.

"नाना, मला ड्राफ्ट पाठवता आला असता. पण ड्राफ्टचे पैसे इथे लगेच कापतात, मग तुम्ही तो घेतला की चुलीत घातला ते मला कधीच कळलं नसतं. म्हणून मुद्दाम चेक पाठवले. चेक तुम्ही बँकेत टाकला की इथे माझ्या महिन्याच्या कागदावर दिसतो. एप्रिलच्या कागदावर नव्हता. मला वाटलं, लांबचं टपाल आहे. मेच्या कागदावर नव्हता. जूनला नाही, जुलैला नाही. कागद आला की मी कोट न काढता आधी तेच बघायचे. मनाशी ठरवलं होतं, पाचांतला एक जरी वटला, तरी डिसेंबरात सुटी काढून घरी येईन आणि तुम्ही मारलं तरी दारातून हलणार नाही. पण तुम्ही शब्दाचे पक्के. शिवणार नाही म्हणालात आणि शिवला नाहीत. आई गेली तेव्हा मी येऊ शकले नाही, त्याची शिक्षा किती वर्षांची ते तुम्ही ठरवायचं होतं. ते मला कळलं. मी इथली नोकरी सोडली आहे. याच ऑगस्टच्या वीस तारखेला कॅनडाला जाते. बँकेला चेक थांबवायला सांगितलं आहे, खातंही बंद करते. ते पाचही कागद फाडून टाका. नवा पत्ता देत नाही. दिला, तर तुमच्या उत्तराची वाट बघत बसेन आणि ते आता मला होणार नाही. तब्येतीला जपा. भागामावशीला नमस्कार."

कौतिक ओट्यावर बसला. त्याच्या तोंडून नुसतं "नही, नही" एवढंच येत होतं. भागाबाई धावत आली. त्याने तिला पत्र वाचून दाखवलं, म्हणजे वाचायला लागला आणि 'एप्रिलच्या कागदावर नव्हता' इथे त्याने पत्र खाली ठेवलं. भागाबाईला त्याला बोलायचा पूर्ण हक्क होता. पण ती त्याच्या पाठीवर हात ठेवून रडत राहिली.

मग त्याने जे जे सुचलं ते केलं. शेफील्डच्या पत्त्यावर तार केली, की पैसे घेतले, ये. तार पोचवता आली नाही असं पोस्टाने कळवलं. पत्र टाकलं. ते दोन महिन्यांनी परत आलं, वर 'इथे राहत नाही' असा शिक्का. जळगावला जाऊन हमीदाला कुंदाचं पत्र दाखवलं. हमीदाने ते दोनदा वाचलं. तिने जेवणाच्या सुटीत कुंदाच्या जुन्या दवाखान्याला इंग्रजीत पत्र लिहून दिलं. दवाखान्याचं उत्तर सभ्य होतं: सिस्टर सपकाळे नोकरी सोडून गेल्या आहेत, नवा पत्ता आम्हाला देता येत नाही. कॅनडा केवढा, हे कौतिकने शाळेतल्या मास्तरांकडून नकाशात बघून घेतलं आणि पुन्हा कधी बघितलं नाही.

विटा घरामागे तशाच पडून राहिल्या. भिकन मिस्त्री दोनदा विचारून गेला. कौतिक म्हणाला, आता घाई नाही.

नोव्हेंबरात बँकेचं बोलावणं आलं. कौतिक गेला तेव्हा हमीदाच्या टेबलावर पाचही चेक होते, प्रत्येकाला एकेक छापील चिठ्ठी टाचलेली.

"परत आले, काका," ती म्हणाली. "पैसे थांबवले आहेत, असं लिहिलंय."

"ते माहीतच होतं. पण मॅडम, मला एवढंच सांगा. मी ते टाकले होते, हे तिला कळलं का?"

हमीदाने चिठ्ठ्यांवरच्या तारखा पुन्हा एकदा बघितल्या. तिला त्या पाठ झाल्या होत्या, तरी बघितल्या. "चेक तिकडे पोचले सप्टेंबरच्या अठराला. खातं ऑगस्टमध्येच बंद झालंय. नाही, काका. तिला कोणी कळवलं नसेल."

"आणि मी पहिला चेक मार्चमध्येच, त्याच दिवशी टाकला असता तर?"

हमीदा पाचही चेक नीट एकावर एक लावू लागली.

"सांगा ना."

"तर मेच्या कागदावर आला असता," हमीदा म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "काका, मीच तुम्हाला थांबा म्हटलं. मला काय माहीत हो..."

"तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही तर माझ्या पोरीचे पैसे वाचवायला बघत होता." कौतिक हे अगदी मनापासून बोलला, आणि म्हणूनच हमीदाला ते ऐकवेना. तिने मान फिरवून ओढणीने डोळे पुसले.

 कौतिकने पाचही चेक उचलले, चिठ्ठ्या काढून बाजूला ठेवल्या आणि चेक पुन्हा तिच्यासमोर मांडले.

"हे परत पाठवा."

"काका, खातं बंद आहे. मार्चचा, एप्रिलचा तर शिळाही झालाय. ते परतच येणार, आणि तुमचे पैसे मात्र कापले जातील."

"कापू द्या. आणि मॅडम, एका पत्रात नको. पाचही वेगवेगळे पाठवा."

हमीदाने हातातलं पेन खाली ठेवलं. "एका चेकला अडीचशे पडतील, काका. पाच वेळा कशाला? एक पाठवला काय आणि पाच पाठवले काय, तिकडे बघायला कोणी नाही."

"तिनं पाच वेळा विचारलं होतं," कौतिक म्हणाला. "आता मी एकदाच कसं उत्तर देऊ?"

 हमीदाने खणातून पाच फॉर्म काढले. त्यात शेवटी एक रकाना असायचा, पैसे कशासाठी आले ते लिहायचा. मागच्या वेळी तिनेच तिथे घरखर्च असं इंग्रजीत भरून दिलं होतं. आज तिचा हात तिथे थांबला. कौतिकने फॉर्म स्वतःकडे ओढले. काट्यावर एकतीस वर्षं पावत्या लिहिलेल्या माणसाचं अक्षर होतं ते, सरळ आणि मोकळं. पहिल्या फॉर्मच्या त्या रकान्यात त्याने मराठीत लिहिलं: "मिळाले. — नाना." दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. चौथ्यावर तेच. पाचव्यावर लिहिलं: "कुंदा, मिळाले." आणि मग त्याला पुढे लिहिता येईना. साठी उलटलेला तो माणूस बँकेच्या टेबलावर डोकं ठेवून सगळ्यांदेखत रडला.

मराठीत भरलेला फॉर्म मुंबईला चालत नाही, हे हमीदाला चांगलं ठाऊक होतं. तरी तिने पाचही फॉर्मांवर शिक्का मारला आणि पाच वेगवेगळी पाकिटं घेतली.